खळीनं चिकटवलेली दोन पानं

आबा, तुमच्या बायबलातली चिकटलेली दोन पानं काल सुटली. ती ओल धरून चिकटली नव्हती, तुम्ही मुद्दाम चिकटवली होती, याला आईनंच दुजोरा दिला. "खळ मीच शिजवून दिली व्हती. गव्हाच्या पिठाची."

सत्तरच्या दशकातले दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधले ते रविवार. उपासनेनंतर दुपारी चार-पाच घरं आपल्या खोलीत जमायची. त्यातली, पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली जुनी पत्रं तुम्ही वाचायचात, आणि तुमचा नियम एकच: वाचलं की आठ दिवसांत करून दाखवायचं. जिभेला आवर घालायचा उतारा होऊन गेलेला असतो, आणि शेजारच्या फायरमनची बायको सांगते, "आवो दादा, आठवडाभर गप ऱ्हायले, तर मालक म्हणले, चल डाक्टरकडं!" सगळे हसतात, तुम्हीही हसता, आणि हसता हसता मधली दोन पानं सोडून पुढं वाचायला लागता. मी विचारलं, "आबा, मधलं कुठं गेलं?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मोठ्यांच्या मधी बोलायचं न्हाई." त्या दिवशी माझा तुमच्यावर संशय बसला, तो गेला नाही. पुढं मी वर्तमानपत्रात उभी हयात काढली. हाती आलेल्या मजकुरात काय गाळलंय, तेच मी आधी बघत आले. ती सवय तुमच्यापासून लागली.

काल ती पानं वाचली. देवावर प्रेम आहे म्हणतो आणि भावाचा राग धरतो, अशा माणसाविषयी त्यात होतं. शिरूरच्या काकांनी धम्मदीक्षा घेतली, तरी तुमचं येणंजाणं चालू होतं. मग आजी त्यांच्या घरी वारली. तुम्ही चर्चच्या पाळकांना घेऊन एसटीनं पोचलात, तोवर त्यांनी बुद्धवंदना घेऊन माती उरकली होती. नंतर तुम्ही शिरूरला पाय ठेवला नाही. आई म्हणाली, "मी म्हणलं, वाचा की एकदा. तर म्हणले, वाचलं की करावं लागतंय. न वाचलेलं देव कसं मागंल?" इतकी वर्षं मी तुम्हाला ढोंगी समजत होते. ढोंगी माणसानं ते पान खुशाल मोठ्यानं वाचलं असतं.

आईनं कालच मला शिरूरला फोन लावायला लावला. काका येत्या रविवारी नातवाच्या गाडीनं येणार आहेत. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तुझे आबा गेले तवा तार मिळूनबी आले न्हाईत भावजी. पयलं त्येच इचारते."

आबा, तार मी केलीच नव्हती. पोस्टापर्यंत गेले, फॉर्म भरला. मग वाटलं, काका येतील आणि आजीसारखी तुमचीही माती आपल्या हातात घेतील. फॉर्म फाडला आणि घरी येऊन आईला म्हटलं, तार केली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर एवढं लिहू शकले. ती पानं काल मी पुन्हा दाबून पाहिली. आता चिकटत नाहीत. वाचून झालं आहे, आणि आठ दिवस पुरे व्हायच्या आतच रविवार येतो. काका टेकतील, चहा होईल, आणि आई तारेचं विचारेल.