झांजा कुठे गेल्या?

९ जानेवारी

उत्तरेतल्या केमी गावाहून कॅसेट आली. एकट्या माणसाचा बँड, नाव ‘थडग्यांचा राजा’. मुखपृष्ठावर राजा बर्फात उभा, तोंडाला चुना फासलेला, हातात काटेरी गदा — आणि मागे शेजाऱ्याची सायकल! आवाज म्हणजे घशात हाड अडकलेलं अस्वल. पण तिसऱ्या गाण्यात चौदा मिनिटं एकच सूर धरून बसलाय पठ्ठ्या, आणि माझी कॉफी गार झाली ते मला कळलंच नाही. पाचपैकी चार फावडी.

रेकॉर्डवाला रायमो म्हणाला, राजा बालवाडीत शिकवतो. मग अर्धं फावडं आणखी. दिवसभर पोरांची नाकं पुसायची आणि घरी येऊन असं किंचाळायचं, याला म्हणतात मेटल.

१२ जानेवारी

आमच्या ‘फावडं’ या संगीतपत्रिकेचा सत्तरावा अंक लावायला घेतला. तेवीस वर्षं झाली. दिवसभर पोस्टात दुसऱ्यांची पत्रं लावायची, सुट्टीत दुसऱ्यांच्या रेकॉर्डी गाडायच्या. मी लिहिते; रायमो त्याच्या रेकॉर्डच्या दुकानातल्या झेरॉक्सवर दीडशे प्रती काढतो. अख्ख्या ताम्पेरे शहरात माझ्या लिखाणाला घाबरणारे चाळीस तरी असतील. नवऱ्यालासुद्धा एवढं घाबरवता आलं नव्हतं.

१९ जानेवारी

रायमोला म्हातारचळ लागलाय. त्रेपन्न वर्षांचा माणूस, कमरेपर्यंत दाढी, आणि पॉप गुणगुणतो! कायानीच्या चार पोरी, ‘ओलं घोंगडं’ नावाचा बँड. गोड गोड चाली आणि त्यावर गिटारींचा कालवा. ऐकच म्हणून रेकॉर्ड माझ्या पिशवीत कोंबली.

दोनदा ऐकली. साखरेच्या पाकात बुडवलेला व्हॅक्यूम क्लीनर. आणि सगळ्यात मोठी गंमत — ड्रमवाली झांजा घरीच विसरली! अख्ख्या रेकॉर्डवर एक झांज नाही. नुसतं धप्प, धप्प. अंगणात घोंगडं टांगून झोडपावं तसं. नावाला जागल्या म्हणायच्या.

एक फावडं. तेही पुरायला.

२१ जानेवारी

रायमोने परीक्षण दोनदा वाचलं. मग विचारलं, नक्की छापायचं का. म्हणजे पोरी आवडल्यात स्वारीला. छाप म्हटलं.

१५ फेब्रुवारी

ड्रमवालीचं पत्र! वुओक्को नाव. झांजा प्रत्येक गाण्यात आहेत म्हणे. ध्वनिमुद्रणात दोन फुटल्या. तुम्ही नक्की आमचीच रेकॉर्ड ऐकलीत का? शेवटी ‘आदरपूर्वक’.

खूप हसले. पुढच्या अंकात जसंच्या तसं छापते.

१८ फेब्रुवारी

छापणार नाही.

पत्र घेऊन दुकानात गेले होते. रायमो हसेल म्हणून. तो हसला नाही. दाराला कडी लावली, रेकॉर्ड लावली आणि म्हणाला, झांज वाजली की मी बोट वर करतो, तू फक्त बघ.

त्याचं बोट खाली आलंच नाही.

मी म्हणाले, तुझे स्पीकर गेलेत. तो म्हणाला, “स्पीकर माझे आहेत, विर्पी. मला ऐकू येतंय.” पिशवी उचलली आणि निघाले. काळं सॉसेज घेतलं होतं दोघांसाठी, ते एकटीनेच खाल्लं. 

९ मार्च

आरोग्य केंद्र. कानाला डबडी लावून काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. तपासणीवाली पोरगी काचेपलीकडे काहीतरी लिहीत होती. मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. संपलं होतं.

कागदावर रेघ नीट चालत येते आणि मग कड्यावरून उडी मारते. वरचे सूर गेलेत. बरीच वर्षं झाली असतील, म्हणाली. कार्यक्रमांना जाता का? सतराव्या वर्षापासून, स्पीकरला टेकून. कानात बोळे? मी म्हणाले, बोळेवाल्यांना आम्ही हसायचो.

“त्यांना ऐकू येतं अजून,” ती म्हणाली.

जीभ बरी आहे पोरीची. ‘फावडं’त लिहायला हवी.

१० मार्च

कामावर गेले नाही. जुने अंक काढले. ‘चिखलात वाजवलंय.’ ‘गोणपाटातून आल्यासारखं.’ ‘ध्वनिमुद्रण केलं की रेकॉर्ड भिजत घातली?’ पाच वर्षांत दर अंकात तेच. अगं बये, तेव्हाच शंका यायला हवी होती — अख्खा फिनलंड एकदम चिखलात कसा जाईल?

औलूच्या एका बँडने माझं वाचून त्यांच्या साऊंडवाल्याला हाकललं होतं. तेव्हा मी ते फुशारकीने सगळ्यांना सांगत फिरले होते. कोण होता, कुठे गेला, माहीत नाही. बँडसुद्धा मोडला पुढे.

१६ मार्च

दुकानात गेले. रायमोने कॉफी पुढे सरकवली. खुलासा तिथेच बसून लिहिला. आधी तीन पानं झाली. रायमोने दोन ओळी ठेवल्या: ‘ओलं घोंगडं’च्या रेकॉर्डवर झांजा आहेत. कान नाहीत ते संपादिकेला.

पहिल्या पानावर छाप म्हटलं.

५ एप्रिल

वुओक्को आली दुकानात. संध्याकाळी इथे त्यांचा कार्यक्रम होता. एवढीशी पोर, मनगटं सुताराची. मला वाटलं, आता ओरडेल. मी ओशाळून उभी. तिने खुलासा वाचला होता. विचारलं, मग रेकॉर्ड कशी आहे?

खरं तेच सांगितलं — ठाऊक नाही, पुरती ऐकलीच नाही अजून.

“मग ऐकून लिहा,” ती म्हणाली. “शिव्या घाला, पण ऐकून घाला.”

कार्यक्रमाला गेले. बोळे घालून! बोळेवाल्यांच्या रांगेत. माझ्याकडे बघून जे हसले त्यांचे चेहरे लक्षात ठेवलेत.

६ मे

यंत्रं मिळाली. दोन्ही कानांत, वाटाण्याएवढी. पोस्टात कागदांची सळसळ एवढी असते? आणि माझे बूट करकरतात हे मला कोणी सांगितलं का नाही?

घरी येऊन ‘घोंगडं’ लावलं. बाप रे. कोणीतरी परातीत काचा ओततंय, थांबतच नाही, आणि त्याच्या आतून ती पोरगी गातेय. मी उभीच राहिले. एक बाजू संपली तेव्हा खाली बसले.

तरी चौथं गाणं भिकार आहे. पाकच पाक. चार फावडी, त्यातलं अर्धं चौथ्या गाण्यासाठी कापलं. वुओक्कोला तसंच कळवलं. आता ऐकून शिव्या घातल्यात, तक्रार चालणार नाही.

८ मे

दुकानात. रायमो रेकॉर्ड उलटत होता, मध्ये शांतता होती. त्याच्या श्वासात बारीक शिट्टी वाजते. मी विचारलं, हे काय.

“फुप्फुसात गाठ आहे, विर्पी. नोव्हेंबरात सांगितलं होतं तुला, इथेच उभा राहून. तू हसलीस आणि म्हणालीस, लाव, जरा मोठ्याने लाव.”