खोडलेला 'हंगामी'

प्रिय भांडकुदळे,

तुझं पत्र मिळालं. आमच्या कार्यालयाची हिरवी पुस्तिका तू पाहिलीस, तिच्यातली माझी सही खोटीच असणार असं परस्पर ठरवलंस, आणि साहेबांशी भांडायला बाह्याही सरसावल्यास. चार वर्षांपूर्वी इथली नोकरी सोडलीस, पण खोड काही गेली नाही.

मला त्या पुस्तिकेची किळस येते. गुळगुळीत कागद, पण हात लावला की धुवावासा वाटतो. तुला काय सांगायचं, टेकडीवरच्या आपल्या हवा मोजणाऱ्या यंत्रात कार्बन डायऑक्साइडची रेघ दर वर्षी मे महिन्यात शिगेला पोचते. मग रानं, पिकं, गवत, सगळी पानं उघडून उन्हात स्वयंपाकाला बसतात, तो वायू खातात, आणि सप्टेंबरपर्यंत रेघ खाली येते. पुढे पानं गळतात, कुजतात, घेतलेलं परत करतात. रेघ पुन्हा वर, आणि मे उजाडेपर्यंत गेल्या वर्षीच्याही वर. म्हणून मी लिहिलं होतं, 'हंगामी उतार'. साहेबांनी पुस्तिकेत आलेख मेपासून सुरू केला, सप्टेंबरला कापला आणि 'हंगामी' खोडलं. उरला नुसता उतार, दुखणेकऱ्याला पडतो तसा! श्रेय कुणाला, तर फाटकाशी लावलेल्या चाळीस रोपांना. त्यांतली एकोणतीस केव्हाच वाळली. सत्काराच्या हाराखाली साहेब असे लाजले, जणू प्रकाशसंश्लेषण तेच करतात.

त्याआधी मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं होतं, तुम्ही चढाचे महिनेच कापलेत. चष्मा पुसत ते म्हणाले, "बाई, यातला एक आकडा खोटा दाखवा." आणि अगं, एकही खोटा नव्हता.

तेव्हा भांडायला येऊ नकोस. सही माझीच आहे. माझा उच्छ्वास मोजणीत मिसळू नये म्हणून वीस वर्षं श्वास रोखून हवेच्या बाटल्या भरल्या, आणि सही करताना मजेत श्वास घेत होते. खुर्ची जवळ होती, दार लांब. साहेबांचा राग येतो, पण किळस आता आरशाचीच जास्त येते. सोबत बारा महिन्यांचा अख्खा आलेख पाठवते आहे. वर्तमानपत्रातल्या तुझ्या सदरात तो छाप, आणि आधीच्या अर्ध्या आलेखाखाली सही कुणाची होती तेही छाप. मैत्रीण म्हणून माझं नाव गाळू नकोस. गाळायचं काम इथे पुरेसं झालं आहे.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
बाटलीवाली