दोन काट्यांवर कुसुमताई

आशागड,
५ जानेवारी २०२५

चि. काशीनाथ यास,
कुसुमताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. दिवाळीनंतर आत्ता कुठं तुझं पत्र आलं, त्याबद्दल.

टपालखात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी तू फोनला टपालाची सवत समजतोस. म्हणून मलाही कागद घेऊन बसावं लागतं.

रुचिकाला आता नववा लागेल. उमेशला म्हणावं, सूनबाईला माहेरी बोर्डीला सोडताना रिक्षावाल्याला हळू चालवायला सांग. बारशाचं मात्र माझ्यावर धरू नकोस. चिकूचा भर आहे, वाडीत माणसं कमी, देवेश एकटा कुठं कुठं बघणार? पाळण्यात बाळ घालायला दुसरी कुणीतरी बघ. देवेशची सोनल येईल, आहेर घेऊन येईल.

राग आला तर तो पत्रातच काढ, तेवढाच तुझा हात चालू राहील.

तुझी,
कुसुमताई

•

तलासरी,
११ जानेवारी

ती. स्व. कुसुमताईस,
काशीनाथचा सा. न. वि. वि.

नमस्कार झाला, आता भांडण. म्हणे चिकूचा भर! तुमच्या चिकूला बारा महिने भर असतो. माझ्या लग्नात होता, उमेशच्या बारशात होता, तेव्हा वाडी सोडून आलीसच ना? उमेशला बहीण नाही, म्हणजे बाळाला सख्खी आत्या नाही. पाळण्याखालून बाळ द्यायचं, वरून घ्यायचं आणि कानात नाव सांगायचं, हे आपल्या घरात चाळीस वर्षं तुझंच काम आहे. ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

देवेशला मी फोन केला. (होय, केला. तत्त्वाला एक दिवस रजा दिली.) तो म्हणाला की आई वाडीतून चालताना प्रत्येक झाडाला धरते, आणि विचारलं तर सांगते की कीड बघतेय. ताई, किडीसाठी झाडाला मिठी मारणारी बागायतदारीण मी पहिल्यांदाच ऐकली. खरं काय ते लिही. तुझ्याच पुढ्यात बसून पाढे शिकलोय, मला गंडवू नकोस.

उत्तराची वाट बघत दारात उभा असलेला,
काशीनाथ

•

आशागड,
२५ जानेवारी

चि. काशीनाथ यास आशीर्वाद.

पकडलीस चोरी. ऐक तर मग. दिवाळीनंतर एका सकाळी झाडाखाली उभी राहून, मान वर करून, कुठला चिकू उतरवायचा ते रूपीला दाखवत होते. रूपी म्हणजे रानशेतहून आमच्याकडे तोडणीला येते ती. तर एकदम झाडच फिरायला लागलं, मागून आभाळ. रूपी म्हणाली की आजी, जमीन हाय तिथंच हाय, तूच कुठं निघालीस? हसली मेली, पण धरलं तिनंच.

मग रोजचंच झालं. कूस बदलली की गरगर, वाकलं की गरगर. मला वाटलं पित्त, सोनलला वाटलं नजर. आलं-लिंबू झालं, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. तुझा फोन आल्यावर देवेशनं मला ओढतच डहाणू रोडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. चक्कर येते डोक्याला आणि बघतात कान! पण त्यांनी नीट समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. तिथले चुन्याचे बारीक कण सुटून भलत्याच नळीत शिरले होते. मान हलली की ते हलायचे आणि मेंदूला वाटायचं की जगच फिरतंय. मला आडवी करून त्यांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली, आणि कण जागेवर नेले. पाच मिनिटांत गरगर थांबली बघ.

भीती मात्र थांबली नाही. दोन महिने अंग आखडून, झाडं धरधरून चालले, त्यात पायांची सवयच मोडली. म्हणून आता आठवड्यातून एकदा त्याच दवाखान्यात तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या संगिताकडे जाते. मुलगी गोड आहे, पण तिचं यंत्र खाष्ट. एक पाट आहे, त्यावर उभं राहायचं. समोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका दिसतो, तो म्हणजे मी. मी जिकडं झुकते तिकडं तो जातो, आणि वर्तुळाबाहेर गेला की यंत्र ओरडतं. सासूबाई गेल्यापासून मला इतकं कुणी टोकलं नव्हतं. आपण कुठं झुकतोय ते डोळ्यांनी दिसलं की शरीर आपोआप सावरायला शिकतं, असं ती म्हणते. भिंतीवर एक काळी टिकली लावलीय. तिच्यावर नजर ठेवून मान हलवायची, हाही अभ्यास.

काशीनाथ, मला पडायची भीती नाही रे. बाळ घेऊन पडायची आहे. वाकायचं, पाळण्याखालून बाळ द्यायचं, मान वर करून परत घ्यायचं, आणि नेमकी तेव्हाच चक्कर आली तर? म्हणून चिकूचं निमित्त केलं.

एक काम कर. घरी सरावासाठी संगितानं दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवायला सांगितलेत. एकेक पाय एकेकावर, आणि दोन्ही सुया सारख्या आल्या की तोल मधोमध. ह्यांनी वापीहून जोडी आणली होती, आठवतं? एक आमच्या चिकूच्या शेडमध्ये आहे. दुसरा तुझ्याकडे रद्दी तोलत बसला असेल, तो पाठव.

बाकी माया आहेच, ती तोलायला काटा लागत नाही.

कुसुमताई

•

तलासरी,
२ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

मुलगी झाली! काल सकाळी, बोर्डीला. रुचिका आणि बाळ ठणठणीत, उमेश मात्र बाळंत झाल्यासारखा दमलाय. बारसं सव्वा महिना उलटल्यावर, १६ मार्चला, इथं आपल्या घरी. पाळण्यात घालणार तू. चर्चा बंद.

उमेशबरोबर काटा पाठवतोय. शून्य तपासलंय, सुई केसभर इकडची तिकडं नाही. आयुष्यभर पार्सलं तोलली, पण बहीण तोलायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. उभी राहताना शेजारी खुर्ची ठेव आणि सोनलला जवळ थांबव. फुशारकी नको.

आजोबा झालेला,
काशीनाथ

•

आशागड,
१६ फेब्रुवारी

चि. काशीनाथ यास आशीर्वाद, आणि आजोबांना जादा.

काटा पोचला. चिकूच्या शेडमध्येच सराव मांडलाय. डावा पाय आमच्या काट्यावर, उजवा तुझ्या. पहिल्या दिवशी सुया सासू-सुनांसारख्या वागत होत्या, एक वर तर दुसरी खाली. आता बघ, डावीकडं सव्वीस, उजवीकडं सव्वीस, आणि दोन-दोन मिनिटं हलत नाहीत! दोन्ही मिळून बावन्न. म्हणजे वजनही दोन किलो उतरलं. संगिताकडे पहिल्या दिवशी चोपन्न होतं. सोनलला बोलून दाखवलं, तर तिनं माझा भात वाढवला.

तीन किलो चिकू दुपट्यात बांधून पाळण्याची तालीमही करते. रूपी पलीकडून घेते. काल तिनं बाळाला एका बाजूनं पिकलंय म्हणून परत केलं.

मजेत आहे, म्हणून पत्र आटोपते.

कुसुमताई

•

आशागड,
१ मार्च

चि. काशीनाथ यास आशीर्वाद.

दुसरी कुणीतरी बघ. ह्या वेळी निमित्त नाही, खरंच सांगते.

काल संगितानं शेवटची पायरी लावली. वर्तुळ चिकूएवढं. मी छाती काढून उभी राहिले, आणि यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. ठिपका सारखा डावीकडं. डाव्या पायावर दोन किलो भार जास्त पडतोय म्हणाली. तीन आठवडे रोज उभी राहिले त्याचं हे फळ. वजनही मेलं परत चोपन्न. घरी येऊन डोळे मिटून चिकूंचं बाळ उचललं, तर झोकांडी गेली. सगळे चिकू शेडभर. देवेश म्हणाला की आई, आता पुरे. मला रडू आलं, रूपी चिकू वेचत राहिली.

माझंच शरीर मला फसवतं, त्याच्या हाती तुझी नात कशी देऊ?

तुझी ताई

•

तलासरी,
४ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

डोळे पूस आणि आधीच्या पत्राची आठवण कर. मी तुझी पत्रं जपून ठेवतो म्हणून हसतेस ना? आज तीच कामाला आली. घरच्या काट्यांवर तू बावन्न, संगिताकडे चोपन्न. दोन किलो गायब. आणि डाव्या पायावर जास्त किती? दोन किलो! खात्यात असा घोळ आला की आम्ही माणसाला नाही, काट्याला धरायचो.

अगं, तुमचा काटा चिकूचा! भाऊजींनी मागचं चाक फिरवून रिकाम्या क्रेटचं वजन त्यातून कायमचं वजा केलं होतं, म्हणजे चिकूचं नुसतं वजन दिसावं. मीच तेव्हा शेजारी उभा राहून अक्कल शिकवत होतो. तो काटा सगळं दोन किलो कमी दाखवतो. डावीकडं सव्वीस दिसायला तुला अठ्ठावीस भार टाकावा लागत होता. तुम्ही कुणी ते बघितलं नाही, कारण तुमच्या घरी त्या काट्यावर क्रेटशिवाय कुणी चढतच नाही.

आणि कळतंय का, ताई? तीन आठवडे तू दोन किलो वाकडी उभी होतीस, आणि केसभर हलली नाहीस. शरीरानं फसवलं नाही. जे सांगितलं ते इमानानं शिकलं. आता खरं सांग, तेही शिकेल. डावीकडं दोन मिळवून सुया जुळव. बारा दिवस आहेत.

दुसरी कुणी मी बघितलेली नाही, बघणारही नाही.

काशीनाथ

•

आशागड,
२० मार्च

चि. काशीनाथ यास अनेक आशीर्वाद.

बारशाला तू तिथंच होतास, तरी सगळं लिहिते, कारण तू डोळे गच्च मिटून उभा होतास. मी बघितलं.

पाळण्याभोवती घरातल्या तीन गाद्या अंथरल्या होत्यास. अरे शहाण्या, शेवटच्या आठवड्यात संगितानं मला मुद्दाम मऊ फोमवर उभं केलं होतं, कारण मऊ जागेवर तोल सांभाळणं सगळ्यांत कठीण. मी पडू नये म्हणून तू नेमकी पडायचीच सोय केली होतीस! काढ म्हणणार होते, पण तुझं तोंड बघितलं आणि चढले गादीवर.

बाळ हातात घेतलं. साडेचार किलो, क्रेट वजा करून. वाकले तेव्हा जग जरा हललं, खोटं नाही सांगत. मग तिच्या गालावरच्या काजळाच्या तिटावर नजर रोवली, संगिताच्या टिकलीवर रोवायची तशी. खालून सोनलकडे दिलं, मान वर करून परत घेतलं. तीट जागेवर, मी जागेवर. कानात आपल्या आईचं नाव सांगितलं, चंद्रिका, तर तिनं जांभई दिली, थेट आईसारखी. तेवढ्यात धप्प आवाज झाला, बायका किंचाळल्या, आणि बघते तर गादीत पाय अडकून आजोबा आडवे. कमरेला शेक घेतोस ना?

घरी आल्यावर देवेश आमच्या काट्याचं चाक फिरवायला बसला होता. मी हात धरला. ह्यांनी लावलेले दोन किलो ह्यांच्या मागंही राहू देत, मला आता ते मिळवून उभं राहता येतं. काल तशीच उभी राहिले, बरोब्बर मधोमध. मग वाडीत गेले, रूपीच्या शेजारी थांबले, कशाला न धरता मान वर केली आणि सगळ्यांत वरचा चिकू तिला दाखवला.

झाड जागेवरच होतं.

तुझ्या उत्तराची आणि तुझ्या कमरेच्या खुशालीची वाट बघणारी,
कुसुमताई