इलानासाठी पांढरी गाडी

रविवार, ३ फेब्रुवारी १९६३

‘सेगुलाच्या हातात साखर आहे, कपाळात नाही!’ — थोरल्या काकी माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या. रेवदंड्याला, मागच्या पडवीत. मी एकोणीस वर्षांची, कुणाच्या तरी बारशाच्या करंज्या भरत होते. काकी हसल्या, बाकीच्या हसल्या, मीही हसले. पंचवीस वर्षं झाली त्याला. आज अंडी फेटताना ते वाक्य एकदम कानाशी आलं.

अंडी इलानाच्या केकची. म्हणजे तालीम. पुढच्या महिन्यात, चौदा तारखेला ती पाच वर्षांची होईल. माझा धाकटा भाऊ शौल, त्याची ही एकुलती. तिची आई मलका दीड वर्षं हॉस्पिटलात आहे — हैफाच्या पलीकडे, डोंगरात. टी.बी. लहान मुलांना आत सोडत नाहीत. शौल महिन्यातून एकदा जाऊन येतो. इथे ओफाकिमला, त्यांच्या दोन खोल्यांत, मूल आणि मी.

आमच्याकडे ओव्हन नाही. ‘सीर पेले’ आहे — चमत्काराचं भांडं म्हणतात त्याला. मधे नळकांडं, वर भोकांचं झाकण, स्टोव्हवर ठेवलं की केक होतो. मात्र प्रत्येक केकच्या मधोमध भोक! मुंबईत आम्ही नारळाच्या दुधाशिवाय गोड करत नव्हतो. इथे नारळ कुठला? संत्री मात्र पोत्याने. संत्र्याचा रस आणि तेल घातलं. दूध-लोणी नाही, म्हणजे मटणाच्या जेवणावरही चालेल; आमच्यात मांसासोबत दूध चालत नाही.

चांगला फुगला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

‘कसला केक हवा तुला?’ मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते. आमचं असंच चालतं.

‘अँब्युलन्स.’

मला वाटलं, चेष्टा. पण ती चेष्टा करत नव्हती. म्हणाली, पांढरी, लाल तारा असलेली, आणि वर दिवा. ती गाडी ईमाला — आईला — घेऊन गेली ना? मग तीच आणून सोडणार.

साडेतीन वर्षांची होती ती तेव्हा. मी तिला आत, खिडकीपासून लांब धरून बसले होते. तरी पाहिलंच तिने.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

शेजारच्या हॅनाबाईंना सांगितलं. कपाळावर हात मारला त्यांनी. ‘अगं बाई! वाढदिवसाला अँब्युलन्स? उद्या आणखी काय कापाल? अपशकुन कुठला!’ मग जरा थांबून — ‘घर कर. बाहुली कर. आणि भोक आहेच मधे, राणीचा मुकुट कर की. पुरीमचा सण येतोय, एस्तेर राणीचा मुकुट! आयताच.’

पटलं मला. मुकुटच करावा.

रविवार, १० फेब्रुवारी

मुकुटाची तालीम केली. गोल केक, वर पांढऱ्या आयसिंगची टोकं, टोकांवर लाल-हिरव्या गोळ्या. आयसिंग छान जमलं — अंड्याचं पांढरं, मलमलीतून चाळलेली पिठीसाखर, थोडं लिंबू. फेटून फेटून हात भरून आला. बघितलं तर दुकानातला वाटावा असा!

इलानाने एक गोळी काढून खाल्ली. केकला हात लावला नाही. म्हणाली, ‘हा राणीचा आहे. राणीला दे.’

शौल संध्याकाळी कारखान्यातून आला. दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली. ‘बाय, छान झालाय.’ मग तिच्याकडे बघून मला हळूच — ‘करून टाक गं तिला गाडी. काय बिघडतं?’

काय बिघडतं. खरंच.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

गानात — बालवाडीत — तिला आणायला गेले. दारातूनच ओरडली, ‘ईमा, बघ, मी माती रंगवली!’

ईमा. मला.

तिची बाई रोनित तिथेच उभी. तिला सगळं ठाऊक आहे. माझ्याकडे बघत राहिली. मी ‘बघू बघू’ म्हणत मातीचा गोळा हातात घेतला. सुधारलं नाही.

वाटेत आणखी दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा ‘ओ’ दिली.

बुधवार, २० फेब्रुवारी

शौल हैफाहून आला. बूट न काढता खुर्चीत बसला आणि रडायला लागला. मी घाबरले. पण तो हसतही होता.

‘बाय, सगळे रिपोर्ट साफ! डॉक्टर म्हणतात, घरी न्या. मुलीला जवळ घ्यायलाही हरकत नाही. चौदालाच आणतो. वाढदिवसालाच! तू केक मोठा कर.’

मी म्हटलं, देवाची कृपा. एलियाहू हन्नबीच्या, आमच्या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा करू म्हटलं. पोहे आहेत का डब्यात ते बघायला उठले. उठले, आणि डब्यासमोर नुसती उभी राहिले.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

मला ती गाडी करायची नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

शब्बाथ — शनिवारचा विसावा — संपल्यावर लिहितेय. काल शांतपणे बसून विचार केला.

मुकुट सोपा म्हणून मी धरून बसले नव्हते. अपशकुन वगैरे तर हॅनाबाईंचं, माझा कुठे त्यावर विश्वास? गाडी माझ्या हातून व्हायला नको होती, एवढंच. मलका यायला नको, असं मी कधी मनात आणलं नाही. शब्बाथला मेणबत्त्या लावताना तिच्यासाठी रोज — दर शुक्रवारी — मागितलं आहे. खरं मागितलं आहे. पण ते मागणारी एक आणि ‘ओ’ देणारी दुसरी, अशा दोघी झाल्या आहेत माझ्यात. कधी झाल्या, कळलं नाही.

मूल माझं नाही. केस विंचरताना ती मान मागे टाकते, माझ्या छातीवर. माझं नाही.

गाडी करायची. चांगली करायची.

मंगळवार, ५ मार्च

तालीम. दोन केक लागतात. गोल कड्याचे तुकडे करायचे, बाक कापून सरळ करायचे, आणि संत्र्याच्या मुरंब्याने एकाला एक चिकटवायचे. वीटकामच! उरलेला चुरा मुरंब्यात मळून फटीत भरला. पुढचं नाक जरा बसकं झालं, पण गाडी दिसते. चाकं गोल बिस्किटांची. खिडक्या चॉकलेटच्या वड्यांच्या.

तारा मात्र जमेना. बीट उकळून आटवलं, तरी पांढऱ्यावर लावलं की पसरतं. तारा फुटून गुलाबी डाग झाला — गाडीला कुणी मारल्यासारखा. इलाना म्हणाली, ‘हिला बरं नाही.’

बुधवार, ६ मार्च

हॅनाबाईंकडे मुंबईहून आणलेली लाल रंगाची पुडी आहे, मला माहीत होतं. मागितली.

‘अपशकुनी गाडीला माझा रंग? लेकीच्या लग्नातल्या हलव्यासाठी जपून ठेवलाय!’

त्यांच्या लेकीचं लग्न ठरून वर्ष झालं. आमच्या लोकांची लग्नं इथे चौकशांत अडकली आहेत. तीन पिढ्यांपूर्वी कोण कुणाची होती, खरी यहुदी का, ते इथले रब्बी विचारतात.

जाताना म्हणाल्या, ‘लग्न होईल तेव्हा होईल. मलका येतेय ना? धर.’ कागदासकट पुडी हातात कोंबली. ‘चिमूटभरच हं, सेगुलाबाई! तुझा हात सढळ.’

रविवार, १० मार्च

पुरीम, सोंगं घ्यायचा सण. गानात सगळ्या एस्तेर राण्या. आमची एकटी नर्स — जुन्या चादरीचा पांढरा झगा. रोनित म्हणाली, ‘अशी कल्पना कुणाची?’ इलानाने माझ्याकडे बोट दाखवलं. खोटारडी! तिचीच.

गुरुवार, १४ मार्च

काय दिवस निवडला वाऱ्याने! सकाळपासून हमसीन. आभाळ पिवळं, दाराखालून वाळू. आयसिंग लावायच्या आधी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. ओला पंचा दोन खुर्च्यांवर ताणून त्याखाली काम केलं. एक हात पंच्याखाली, एक बाहेर.

पहिला थर पातळ, चुरा बसावा म्हणून. तो वाळल्यावर दुसरा, सुरी गरम पाण्यात बुडवून बुडवून सारखा केला. कागदाचा तारा कापून त्याच्या भोकातून लाल रंग, सुक्या ब्रशने. या वेळी पसरला नाही. सहाही टोकं नीट! वर लाल गोळीचा दिवा. नाकावर चॉकलेटच्या रेघा. शेवटची रेघ ओढली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणत होते. कधीपासून, देव जाणे.

पंचा काढला तर तेवढ्यात धूळ बसलीच. पांढरी गाडी मातकट झाली. मला रडू यायचं बाकी होतं. इलाना टेबलाला हनुवटी टेकून म्हणाली, ‘लांबून आली ना, म्हणून.’

दुपारपासून ती रस्त्याच्या कडेला उभी. आत यायला तयार नाही. बेर-शेवाची बस आली. शौल उतरला, मागून मलका. बारीक झालेली, पण गालांवर रंग. डोक्याला रुमाल. चालत आमच्याकडे आली. इलाना तिच्या पलीकडे बघत राहिली — रस्त्याकडे. गाडी येतेय का, ते.

मी म्हटलं, ‘इलाना, ईमा आली.’

ती म्हणाली, ‘ही बसने आली.’

मलका हसली. खरंच हसली! ‘बरोबर आहे तिचं, वन्सं. ही कसली ईमा, बसने येणारी!’ पण वाकली नाही. हात पाठीमागे. चार पावलांवर थांबली, तिथेच राहिली.

आत दाराजवळच्या खुर्चीत बसली. पिशवीतून स्वतःचा पेला काढला, स्वतःची बशी. केक बघितला. ‘ही... तशीच आहे हो अगदी.’

कापायची वेळ आली. शेजारची पोरं चाकं मागत होती, हॅनाबाई ‘दिवा मला, दिवा मला’ करत पोरांना चिडवत होत्या. इलानाने मला ताऱ्याचा तुकडा काढायला लावला. दोन्ही हातांत धरून तो आईपुढे नेला.

मलका अंग चोरून मागे सरकली. ‘तिथे ठेव, राणी. टेबलावर ठेव. मी घेते.’

ती तशीच उभी. हात पुढे. मग शौलने तो तुकडा घेतला.

शनिवार, १६ मार्च

मलका स्वयंपाकघरात झोपते, दार लावून. ताट-वाटी स्वतः उकळते. शौल चिडला — ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, काही होत नाही आता!’ ती म्हणाली, ‘डॉक्टरांची मुलगी नाहीये ती.’

इलाना दाराच्या फटीतून बघते. दोन दिवसांनी बघणंही सोडेल. मुलं तशी असतात.

मंगळवार, १९ मार्च

कपडे वाळत घालताना मलका माझ्याजवळ आली. माझ्याजवळ येते, मुलीजवळ नाही. चिमटे देत होती एकेक.

‘वन्सं, ती तुम्हाला ईमा म्हणते.’

माझ्या हातातली चादर खाली पडली. काहीतरी बोलायला गेले.

‘नाही, नाही. चांगलं आहे. तसंच राहू द्या. माझ्या वॉर्डात एक बाई अशीच साफ होऊन घरी गेली, वर्षाने परत आली. तिच्या मुलाला घेऊन आली. मी नाही हात लावणार. तुमचीच आहे ती. मला लांबून दिसली की पुरे.’

मग वाळूने भरलेली चादर तिनेच उचलून झटकली.

म्हणजे मला जे हवं होतं, ते मला मिळालं. माझ्या हातात, दिवसाढवळ्या, कुणी न मागता. आनंद झाला. खोटं कशाला? पण समोर ती उभी होती, चिमटे मोजत, मुलीच्या छोट्या झग्याला बोटाने नुसतं शिवत. झग्याला शिवत होती! मुलीला शिवायचं नाही, म्हणून झगा.

बुधवार, २० मार्च

इलाना पडली, गुडघा फुटला. मलका तीन पावलांवर होती. दोघींनी मलाच हाक मारली. एकदम.

मी घरात आहे म्हणून हे असं आहे. मी आहे तोवर असंच राहील.

शुक्रवार, २२ मार्च

रविवारच्या बसने मी पेताह तिक्वाला जाते आहे. चुलतभावाकडे, मोझेसकडे. शिवणकाम मिळेल म्हणतो. शौलला सकाळी सांगितलं. तो माझा हात धरून बसला. मलकाला अजून सांगायचं आहे.

शब्बाथच्या आंघोळीचं पाणी तापलंय. इलाना टबात उभी राहून मला हाका मारते आहे. साबण आणि पंचा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. नाही म्हणणार ती, माहीत आहे. तरी म्हणते —

मलका, आज हिला तू न्हाऊ घाल.