पानभर म्हणायचं कशाला

अप्पा, चितेगावच्या एका कारखान्याची जाहिरात मागच्या आठवड्यात मी जवळजवळ हातची घालवली, आणि तुमची इतकी आठवण आली की लिहायलाच बसले. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण पेपरातल्या जाहिराती घ्यायचं आपलं गुलमंडीतलं खोलीभर ऑफिस अजून तिथंच आहे. तुमच्या टेबलाशी आता मी बसते.

मी कॉलेजात होते, दिवाळी तोंडावर आलेली. शेजारचे कापडवाले चाचा पेपर उलगडतच आत येतात. "क्या बात है बेटा! पानभर आली ना आपली जाहिरात?" गिऱ्हाईक खूश होतंय तर आपलं काय जातंय, म्हणून मी म्हणते, "व्हय चाचा, पानभर." तुम्ही आतून चष्मा पुसत येता. "अर्धं पान हाय, शेठ. पानभर नाय." चाचांचा चेहरा उतरला, चहा तसाच ठेवून ते उठले. झालं, मला वाटलं, बांधलेलं गिऱ्हाईक गेलं. घरी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावरूनच मला सुनावलंत, "जाहिरातीत आपण समद्यालाच लई भारी म्हणतो. ते कुणी मोजत नाय. पानभर मोजता येतं. तेवढं तरी खरं राहू दे." मला तुमचा भयंकर राग आला होता. पंधरा दिवसांनी चाचा परत आले, तेही तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

तर हा कारखाना. पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकांनी अख्खं पान घेतलं. माझं पहिलंच. छपाईच्या आदल्या दिवशी पेपरवाल्यांचा फोन आला, तळाची चार बोटं पट्टी दुसऱ्याला दिलीय. "पानभरच म्हणा मॅडम, कोण बघतंय?" मी सरळ मालकांना फोन लावला. म्हटलं, साहेब, ही पानभर नाही, थांबवायची तर आत्ताच सांगा. त्यांनी पट्टी केवढी ते विचारलं, मी चार बोटं म्हणून सांगितलं. मग ते म्हणाले, "जाऊ द्या तशीच. पण इथून पुढं आमचं काम तुमच्याकडंच." फोन ठेवला आणि अप्पा, तुमच्या अभिमानानं ऊर भरून आला. थोडा स्वतःचाही वाटला, खोटं कशाला बोलू.

आता एक कबूल करते. जाहिरात छापून आली त्या सकाळी पेपर आईपुढं धरून मी म्हणाले, "आई, बघ, पानभर!" तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, तळाच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "ह्यांना सांगू नको बरं," भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघत म्हणाली. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोमागंसुद्धा ठेवणार नाही.