हाताने घालवलेली लाइट

बाबा, आज ऑफिसात पुन्हा नवी सिस्टीम चढवतायत. सकाळपासून माझ्यासमोरच्या स्क्रीनवर एकच वाक्य आहे, काम चालू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. खाली एक आकडा मुंगीच्या पावलाने सरकतोय. हल्ली यात भिण्यासारखं काही उरलेलं नाही. प्रत्येक टेबलाखाली बॅटरी आहे, मागे जनरेटर आहे, आणि सगळ्या माहितीची एक प्रत कुठेतरी दूर ठेवलेली असते म्हणे. आमची पोरं निवांत चहा पितायत. मी मात्र खिडकीतून आभाळाकडे बघतेय. भाट्याच्या खाडीकडची बाजू काळी झालीय आणि माझ्या तळहातांना घाम सुटलाय, रिटायर व्हायला आलेल्या बाईच्या. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात. हात रिकामे राहिले की जास्त धास्ती वाटते, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आपण लाइट हापिसाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तुम्ही सबस्टेशनला ऑपरेटर. गावाच्या कुठल्या भागाला कुठल्या लाइनीने वीज जाते, ती चालू-बंद करायची हँडलं तुमच्या हाताखाली. लोकांना एवढंच ठाऊक, की लाइट गेली म्हणजे ती तुम्ही घालवली. शेजारच्या काकी अंधारात अंगणात येऊन ओरडायच्या, "काय ओ भाऊजी, आज आमाला जेवू द्यायचं नाय काय?" तुमची ड्युटी नसली, तुम्ही घरात जेवायला बसलेले असलात तरी! मग तुम्ही घास ताटात ठेवून उठायचात, अंगणात जाऊन कुठली बाजू काळी झालीय ते बघायचात, "नाचणे गावची लाइन गेली," एवढं बोलून परत पाटावर येऊन बसायचात. आई म्हणायची, "ह्यांना घरापेक्षा नाचण्याची काळजी." शाळेत मुली मला अंधारवाल्याची पोरगी म्हणायच्या. मला फार राग यायचा, त्यांचा कमी आणि तुमचा जास्त.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टायपिंग झालं, मग कोल्हापूरला मावशीकडे राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात लागले, तात्पुरती. तिथे शेठनी कुठून तरी सेकंडहँड आणलेला एक कॉम्प्युटर होता. पत्र्याचं मोठं धूड, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. कुठल्या दिवशी कुठल्या बागेचा आंबा कुठल्या डब्यांत गेला आणि ते डबे कुठे रवाना झाले, सगळं त्याच्या पोटात. माल परदेशी पाठवायचा तर तपासणीला हे सगळं दाखवावं लागायचं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला टेस्टर दिलात. लोकांचे वडील पेन देतात, घड्याळ देतात. "मशीनला हात लावायच्या आधी हा लावून बघत जा," म्हणालात. मैत्रिणींनी माझी यथेच्छ टर उडवली. पण आठवडाभरात त्या पत्र्याला टेस्टर लावून बघितला, तर आतला दिवा लालभडक. मग रविवारी तुम्ही सायकलवरून आलात, कारखान्यामागे अर्थिंगचा खड्डा उकरून घेतलात, त्यात कोळसा नि मीठ भरलंत. "जांभा पाणी धरीत नाय. उन्हाळ्यात कळशीभर पाणी घालत जा ह्यात." मी घालायचे. शेठ विचारायचे, "काय गो, तुळस लावलीस काय तिथं?"

मग नवा कॉम्प्युटर आला. त्याची सिस्टीम नवी, डॉस नावाची. जुन्याची अगदी वेगळी. याचं लिहिलेलं त्याला वाचता येईना, आणि जुन्याची फ्लॉपी तर एवढी मोठी, की नव्याच्या फटीत शिरेचना. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने जुनं मशीन उघडून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "मॅडम, आतली डिस्क म्हातारी झालीय. आता फिरतेय तोवर फिरतेय. थांबली तर पुन्हा फिरेल याची खात्री नाही. मी पुढच्या आठवड्यात केबल घेऊन येतो, दोन्ही मशीनं जोडू, याच्यातलं त्याच्यात पाठवू. तोवर हे रात्रंदिवस चालू राहू दे." फ्लॉप्यांवर एक प्रत होती, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी आली होती. आपल्याकडे लोणचं टिकतं, फ्लॉपी कसली टिकतेय. शेठनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सगळं नीट नव्यात गेलं तर दिवाळीपासून तू कायम. नाहीतर त्यांचा भाचा मुंबईला हेच शिकून तयार होता. आणि मला काढलं असतं, तर आई मला मुंबईला मामाकडे पाठवून स्थळं बघायला टपलेलीच होती. मला ती खुर्ची सोडायची नव्हती आणि रत्नागिरीही.

त्याच संध्याकाळचं स्वयंपाकघर मला आत्ता दिसतंय. आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. तुम्ही पाटावर, मी तुमच्या समोर. मी धीर करून म्हणते, "बाबा, हा एक आठवडा आमच्या कारखान्याची लाइन तेवढी घालवू नका."

तुम्ही घास खाली ठेवता. "लाइट काय तुझ्या बापाची हाय?"

आई फिसकन हसते. तुम्ही हसत नाही. "त्या लाइनीवर चार वाड्या हायत, गिरण हाय, दवाखाना हाय. उद्या माझा माणूस खांबावर चढला नि म्हणाला बंद करा, तर मी काय सांगू त्याला? थांब, माझ्या पोरीचं मशीन फिरतंय?"

"मी कुठं तसं म्हणतेय?"

"तसंच म्हणतेस तू. जेव आता."

मी ताटावरून उठले. मला वाटलं, आख्ख्या गावाला वाटतं तशी लाइट खरंच तुमच्या हातात आहे, आणि ती एवढीशीसुद्धा माझ्यासाठी वळवायची तुमची इच्छा नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कारखान्याच्या व्हरांड्यात आले की आधी थांबायचे आणि दाराला कान लावायचे. आतून घूं असा बारीक आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. घरात दिवा जरा मंद झाला तरी मी ताटावरून उठून अंगणात जायचे. रविवारी उगीच काहीतरी निमित्त काढून जाऊन आले. आणि नवल म्हणजे त्या आठवड्यात आमची लाइट गेलीच नाही. वारं सुटलं, ढग गडगडले, दिवे फडफडले, पण गेले नाहीत. मी गणपतीला नारळ बोलले होते. म्हटलं, पावला.

केबल घेऊन इंजिनिअर आला, दोन्ही मशीनं जोडून दिली, एकेक फाइल कशी पाठवायची ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. मग मी आणि ती दोन मशीनं. जुन्या काचेवर नाव यायचं, नव्यावर तेच नाव उमटायचं, मध्ये नुसती वाट बघायची. जुन्या वर्षांच्या फाइली दुपारपर्यंत पार पडल्या. उरली ती सगळ्यात मोठी, त्याच वर्षाच्या हंगामाची. तपासणी तिचीच व्हायची होती. ती सुरू केली आणि बाहेर आश्विनातलं ते वारं उठलं, धूळ आणि पाचोळा घेऊन. पत्रे वाजायला लागले. स्टॅबिलायझर टकटक करायला लागला. जेवणाचा डबा उघडायचं मला सुचलं नाही. शेवटी मी सबस्टेशनला फोन लावला.

"बोल," तुम्ही म्हणालात. आवाज कामातला.

"बाबा, शेवटची फाइल चाललीय. अजून थोडा वेळ, फक्त..."

तुमचा श्वास मला ऐकू येत होता.

"फोन ठेव, बाय. मला फोन येणार हाय."

मी फोन ठेवला. जागेवर येऊन बसते न बसते तोच लाइट गेली. मी तुमची मुलगी. वीज चमकून लाइट जाते तेव्हा ती आधी दोनदा डोळे मिचकावते, हे मला लहानपणापासून ठाऊक. ही तशी गेली नाही. एका झटक्यात, स्वच्छ गेली. ही कुणीतरी हाताने घालवली होती, आणि तो हात कुणाचा हेही मला माहीत होतं. पंखा मंदावत गेला. जुन्या मशीनचा तो घूं आवाज खाली खाली उतरला आणि थांबला. मी त्या ढगाळ अंधारात तुम्हाला नाही नाही ते बोलले. तिथे ऐकायला कोणी नव्हतं, ते बरं.

लाइट आली ती फार उशिरा. नवा कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. जुन्याचे दिवे लागले, आतून कट् कट् असा आवाज आला, पण डिस्क फिरली नाही. मी बंद केला, चालू केला, देवाचं नाव घेतलं, पत्र्यावर थापट्या मारल्या. नाहीच.

घरी आले तर आईने दारातच सांगितलं. वाऱ्याने तार तुटून कातळावर पडली होती. कातळ कोरडा ठणठणीत, त्यामुळे लाइन आपोआप बंद पडली नाही, तार जिवंतच पडून राहिली. शाळा सुटायची वेळ. वाडीतली पोरं त्याच पायवाटेने येतात. वायरमन धावत गेला, त्याच्या जोडीदाराने दुकानातून तुम्हाला फोन केला आणि तुम्ही लाइन बंद केलीत. मग तो वायरमन त्या वादळात खांबावर चढला.

तुम्ही पडवीत पाय धुऊन बसला होतात. टॉवेल हातात, पण पाय पुसत नव्हतात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "झालं काय गो तुझं?"

मी तुमच्या हातातल्या त्या कोरड्या टॉवेलाकडे बघितलं.

"झालं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

तुम्ही मान हलवलीत आणि पाय पुसायला लागलात.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर मी रडले नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तपासणीपर्यंत मुदत द्या म्हटलं, गोदामात डबे आहेत, प्रत्येक डब्याच्या बुडाला दिवसाची नि बागेची खूण ठोकलेली आहे, तिच्यावरून मी सगळं परत भरते. शेठ म्हणाले, "बघ बाय, जमलं तर." मग मी रोज संध्याकाळी गोदामात खोक्यांवर बसून डबे उलटे करून वाचायचे आणि सकाळी ते मशीनमध्ये घालायचे. घरी सांगायचे, कामं साचलीयत. रोज वाटायचं, आज मला बोलावतील आणि भाचा खुर्चीत बसलेला असेल. बोटांना पत्र्याच्या कडा लागून चिरा पडल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तुम्ही ड्युटी संपल्यावर गेटपाशी यायला लागलात, सायकलला डबा अडकवून. "आईने दिलाय," म्हणायचात. आत कधी आला नाहीत. एवढं काय काम असतं, हेही विचारलं नाहीत. गेटच्या दिव्याखाली उभं राहून मी खायचे, तुम्ही माझ्या बोटांकडे बघायचात आणि मग दुसरीकडे.

दिवाळीला मी कायम झाले. तुम्ही पेढे वाटलेत.

तुमच्या बाराव्याला तो वायरमन आला होता. आता तोही म्हातारा झालाय. जेवून हात धुतल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, त्या आठवड्यात तुमच्या वडलांनी आमचा जीव खाल्लानी. तुमच्या कारखान्याच्या लाइनीवरच्या सगळ्या फांद्या आमच्याकडून तोडून घेतल्यानी. सुट्टीच्या दिवशी सोता आले, खाली उभे राहून ही तोड, ती तोड. आमी शिव्या घालीत होतो. मग त्या दिवशी तार पडली. मी चढायच्या आधी म्हटलं, लाइन बंद हाय ना? तर जोडीदार दुकानातून निरोप घेऊन आला. म्हणाला, साहेब सांगतायत, हँडलाला कुलूप घातलंय, किल्ली माझ्या खिशात हाय. मी इथून हलत नाय. घाई करू नको. सावकाश कर."

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी मागच्या दारी जाऊन बसले. तुम्ही माझा आवाज फोनवर ऐकला होतात, माझं काय चाललंय ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी त्याला सांगितलंत, सावकाश कर. बाबा, मला तुमचा फार अभिमान वाटला. आणि रागही आला, जुनाच, अंधारवाल्याच्या पोरीचा. दोन्ही अजून आहेत.

आत्ता गडगडलं. आमच्यातला एक पोरगा विचारतोय, मॅडम, तुमचं झालं का? आकडा अजून पुढे जायचाय. मी म्हटलं, होईल, घाई नाही. टेस्टर पर्समध्ये आहे. आतला दिवा कधीच गेलाय, पण मी तो काढून ठेवत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही पडवीत विचारलंत आणि मी झालं म्हटलं, ते झालं नव्हतं. माझ्या बोटांकडे बघून तुम्हाला ते कळलं होतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. कळलं नसेल, तर हे पत्र तुम्हाला न मिळालेलंच बरं.