वारुळावरचं जेवणघर

मसाका, १४ एप्रिल

प्रिय थिओपिस्टा,

शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ नीट लक्षात ठेव, कारण त्या क्षणी तुझी लबाडी माझ्या जेवणघराच्या जमिनीतून पंख लावून बाहेर आली. हजारोंनी आली.

क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून मी घरी पोचले, तर आत शेजारच्या तीन बायका मांडी घालून बसलेल्या. तुझा लाल गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा, आणि त्या तिघी उघड्या फरशीवर एक फळी ठेवून तिच्यावर काठ्यांनी टकटक करताहेत. मागच्या दाराची किल्ली अजून त्यांच्यातल्या नालोंगोकडेच असते, हे घर विकताना तू सांगितलं नव्हतंस. मी विचारलं, काय चाललंय माझ्या घरात? तर नालोंगो, ती जुळ्यांची आई, मलाच दटावते, हळू बोला बाई, त्यांना पाऊस पडतोय असं वाटू दे. तेवढ्यात फरशीच्या भेगेतून पंखांची वाळवी उसळली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, नाहीतर दोनचार आतच गेल्या असत्या. पुढचं आठवतं ते एवढंच, की चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि मी नालोंगोला म्हणत होते, अगं डावीकडे, डावीकडून निसटताहेत.

म्हणजे गालिचा मैत्रीखातर नव्हता ठेवलास. भेग झाकायला ठेवलास. शाळेतही तू अशीच. भाजलेली वाळवी रुमालात बांधून प्रार्थनेला यायचीस, कुरकुर आवाज तुझ्या दातांचा आणि सिस्टर एमिलियाना उभं करायची मला.

शनिवारी सेबोवा गवंडी येऊन गेला. त्याने चौकटीला अंगठा लावला आणि तो आत गेला, पावात जावा तसा. म्हणाला, खालच्या वारुळातली राणी काढा, नाहीतर दोन पावसाळ्यांत छप्पर तुमच्या ताटात. मग कुदळ आण म्हटलं, तर हात मागे घेतो. बाई, घर तुम्ही घेतलंत, वारूळ कुठे घेतलंत? ते किझिटोच्या बायकोचं. तिच्या शब्दावाचून इथे कुणी खणणार नाही. तेव्हा कळलं की तुझ्या नवऱ्याने, किझिटोने, देव त्याला शांती देवो, लोक वाळवी चोरतात म्हणून वारूळ सपाट करून त्याच्यावरच खोली बांधली, आणि नंतर मन द्रवलं म्हणून शेजारणींना किल्लीही दिली. असा माणूस तुलाच मिळायचा. मी जन्मभर शाळेच्या घरांत राहिले, थिओ. निवृत्तीनंतरचं हे माझं पहिलं स्वतःचं घर. दुखणं विकत घ्यायचं होतं तर बाजारात आणखी पुष्कळ होती.

पण खरा अपमान त्या शुक्रवारचाच. वाळवी आपल्याच चरबीत परतली, मीठ टाकलं, घरभर वास सुटला. उपवासकाळ, शुक्रवार, मांस चालतं का, असं मी म्हटलं, तर नालोंगो म्हणते, पंख होते खरे, पण कोंबड्यांसारखी अंडी कुठे घालत होत्या, खा. खाल्ली. किती खाल्ली ते विचारू नकोस. आणि तेवढ्यात पहिली, सगळ्यांत मोठी टोपली माझ्या नाकासमोरून दाराबाहेर गेली. कुठे? तर कंपालाच्या गाडीने तुझ्याकडे. मालकिणीचा पहिला वाटा. माझ्या जमिनीतली, माझ्या चादरीत धरलेली.

सेबोवाला मी थांबवलं आहे. राणी राहील. तो जेवणघर मधे भिंत घालून वेगळं करील, चौकटी बदलील, आणि मी स्वयंपाकघरात जेवीन. पण तिकडे मुलाच्या घरी, चौथ्या मजल्यावर, तू एकटी ती टोपली उघडतेस, शेजारी कोण आहे ते माहीत नाही असं तूच सांगितलंस, हे चित्र मला तीन दिवस जेवू देत नाही. म्हणून हे पत्र. दोहोंपैकी एक लिही: वारूळ आणि पहिला वाटा आजपासून केविनाचा, नाहीतर, तुझा वाटा घ्यायला तू स्वतः येतेस आणि मागच्या खोलीत राहतेस. ती खोली मी ठोकून पाहिली आहे, कोरडी आहे. मुलाचा फोन चालणार नाही. लेखी उत्तर, तुझ्या हस्ताक्षरात, शनिवार, २६ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

अजून तरी तुझीच,
केविना